पिकअप घ्यायची तर खालून बघायची: गंजाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

आज रामनवमी, मजूर नाहीत. नाना आणि मी बांधावर बसून गेल्या हंगामातल्या भाड्याच्या चिठ्ठ्या मोजल्या. केळीचे घड शेतातून डांबरी रस्त्यापर्यंत, खताच्या गोण्या चोपड्याहून घरी, कापूस जिनिंगला, मका मार्केटला. आकडा निघाल्यावर नानाच म्हणाले, "एवढ्यात गाडीचा हप्ता निघाला असता रे." नवीन गाडी दोघांनाही झेपणार नाही, म्हणून जुनी पिकअप. सगळं धरून पाच लाख, त्यात गाडीला साडेचारच्या वर जायचं नाही. मुदत आखाजीची (अक्षय्य तृतीया), म्हणजे ३० एप्रिल. ताई माहेरी येईल तेव्हा गाडी दारात उभी पाहिजे, असं नानांचं म्हणणं.

नानांची जुनी गाडी बघायची पद्धत ठरलेली आहे. इंजिन थंड असताना चालू करायचं, धुराचा रंग बघायचा, टायरला नख लावायचं, मग कागद. गंज त्यांच्या यादीत नाही. त्यात त्यांचीही चूक नाही. आमच्याकडे वखराची पास उन्हाळाभर बांधावर पडून असते, तिच्यावर तांबूस धूळ बसते आणि पहिल्या पाळीला मातीत घासून ती पुन्हा चकचकीत होते. गोठ्यावरचे पत्रे माझ्या जन्माआधीचे आहेत. आपल्याकडे लोखंड झिजतं, गंजत नाही, असं डोक्यात बसून जातं.

माझ्या डोक्यातून ते दोन वर्षांपूर्वी निघालं. मावसभावाने पांढरीशुभ्र पिकअप आणली होती, सगळ्या गावाने कौतुक केलं. दुसऱ्या पावसाळ्यात केळी भरलेली असताना मागचा पाट्याचा हँगर, म्हणजे पाटा (स्प्रिंग) टांगायचा कंस, चासीतून, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यातून उपटून आला. गाडी एका अंगाला बसली आणि घड रस्त्यावर. कोणाला लागलं नाही हे नशीब. हँगर ज्या पत्र्याला रिव्हेट केलेला होता तो पत्रा मी हातात घेऊन बघितला होता, शिळ्या पापडासारखा मोडत होता. म्हणून यावेळी ही वही.

८ एप्रिल

अमळनेरला मिस्त्री आबांकडे गेलो. आबा आता पान्याला हात लावत नाहीत, दुकान मुलगा बघतो, पण जुनी गाडी बघायला लोक अजून त्यांनाच बोलावतात. त्यांनी मला चहा दिला आणि दुकानामागे पडलेल्या एका भंगार चासीपाशी नेऊन उभं केलं. शिकवणी तिथेच झाली.

गंज तीन तऱ्हेचा. एक, नुसती तांबूस धूळ. बोट फिरवलं की बोट लाल होतं, खाली लोखंड गुळगुळीत लागतं. त्याची काळजी नाही, ब्रशने निघतो. दुसरा पापुद्र्याचा. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून पत्रा फुगतो, रंगाला फोड येतात, दोन पत्र्यांच्या सांध्यात गंज धरला तर तो सांधा पाचर ठोकल्यासारखा फाकतो. डिसमिसने खरवडलं की पापुद्रे निघतात, आणि किती निघतात त्यावर सगळं ठरतं. तिसऱ्यात डिसमिस सरळ आत जातो. तिसरा गंज दरवाज्यात असला तर पैशाचा प्रश्न, चासीत असला तर विषय संपला.

मग त्यांनी हातोडी दिली. छोटी, पावशेराची. चासीवर पुढून मागे टीचभर अंतराने टकटक करत जायला सांगितलं. पुढच्या भागात टण्ण आवाज येत होता, हातोडी उसळत होती. मागच्या चाकाच्या जरा मागे अचानक आवाज मेला. भद्द. हातोडी उसळली नाही, जागच्या जागी बसली. आबा हसले. "लोखंड बोलस भाऊ, आयकनारा जोयजे."

घरी येऊन पिशवी भरली: जुन्या स्पीकरमधलं चुंबक (रंगावर ओरखडा नको म्हणून फडक्यात शिवलेलं), हातोडी, डिसमिस, टॉर्च, मोटरसायकलचा तुटका आरसा वरच्या बाजू बघायला, सायकलचा एक आरा आणि पाठीखाली टाकायला गोणपाट. नाना पिशवी बघून म्हणाले, "गाडी बघायला चाललास का घर फोडायला?"

११ एप्रिल

गाडी क्र. १. जळगावला, जुन्या गाड्यांच्या एका आवारात. २०१८ ची, नंबर एमएच १९, मागणी ५ लाख ६०. बजेटच्या बाहेर, पण शेठ फोनवर म्हणाले होते, "या तर खरं."

दिसायला नवरी. पांढरा रंग काचेसारखा, हौद्याला (मागच्या माल भरायच्या भागाला) नवा रंग, टायरला पॉलिश, खालून सगळं काळंकुळकुळीत. इंजिन पहिल्या चावीला लागलं. नाना पाच मिनिटांत पाघळले. मला दोन गोष्टी खटकल्या. एक, चुंबक डाव्या दरवाज्याच्या खालच्या काठाला धरेना. वर, मध्ये चिकटतं, खाली चार बोटांच्या पट्ट्यात घसरून पडतं. म्हणजे तिथे पत्रा नाही किंवा पत्र्यावर जाड लांबी (पुट्टी) भरलेली आहे. दुसरं, सात वर्षांच्या मालवाहू गाडीची चासी इतकी काळी कशी? आपल्याकडच्या गाडीखाली काळ्या मातीची धूळ, ग्रीस आणि वाळलेला चिखल असतो. ते सगळं असताना कोणी बघत नाही, ते धुऊन वर रंग कोणी उगाच मारत नाही.

हातोडी काढली तर शेठ म्हणाले, "भाऊ, रंग खराब होईल." चासीचा रंग. मी पिशवी बंद केली आणि रविवारी मिस्त्रीला घेऊन येतो म्हणून सांगितलं.

१३ एप्रिल

मुद्दाम दुपारी दोनला गेलो. आबांचीच कल्पना. पारा चाळिशीच्या वर, आवारात सावली नाही, गाडीच्या काचा बंद. आबांनी दार उघडलं, डोकं आत घातलं आणि दोन मिनिटं तसेच उभे राहिले. मग मला बोलावलं. आत शॅम्पूचा आणि गाडीत टांगायच्या सेंटचा वास होता. त्याच्या खालून, तापलेल्या सीटमधून आणि छताच्या अस्तरातून, दुसरा वास येत होता. सुकटीचा. आमच्याकडे गुरुवारच्या बाजारात सुकट विकायला बसतात त्या ओळीतून जाताना येतो तोच.

आबा हौद्यात चढले, फाळका (हौद्याचं मागचं झाकण) पाडला आणि त्याच्या बिजागरीच्या खाचेत आरा फिरवला. नवा रंग, थोडी माती आणि मग एक गोल, पारदर्शक, नखाएवढी टिकली बाहेर आली. माशाचा खवला. रंग मारणाऱ्याने त्याच्यावरूनच रंग मारला होता, अर्धी टिकली पांढरी होती. आबांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि काही बोलले नाहीत.

मग डॅशबोर्डचा कप्पा. शेठच्या पोराने तो साफ केला नव्हता. जुन्या पीयूसीच्या दोन पावत्या, दोन्ही पालघरच्या. गाडी जळगावच्या नंबरची, पण पोट किनाऱ्यावर भरलेली. तीन तास बर्फात मासळी, बर्फ वितळून मिठाचं पाणी, ते हौद्याच्या फटीतून थेट चासीवर, आणि वर समुद्राची हवा. मीठ हवेतलं पाणी ओढून धरतं, त्यामुळे ऊन पडलं तरी सांध्यातला ओलावा सुटत नाही. एकदा सांध्यात शिरलेलं मीठ वरून धुऊन निघत नाही. गाडी खान्देशात आली की कोरड्या हवेत तो गंज झोपतो आणि पहिल्या पावसात उठून बसतो. मावसभावाची गाडी पहिला पावसाळा कशी तरली आणि दुसऱ्याला का गेली, ते आज डोक्यात बसलं.

शेठ जेवायला गेले होते, तेवढ्यात खाली शिरलो. मागच्या हँगरपाशी चासीला आतून जोडपट्टी असते, म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर. ती फट सरळ रेघेसारखी असायला हवी, इथे ओठ फुगल्यासारखी होती. काळा रंग जाड, रबरासारखा. अंगठ्याने दाबला तर आत गेला आणि परत वर आला. डिसमिसच्या टोकाने एवढासा उचकटला, तर त्याच्या मागे गंजाचा भुगा सरसर माझ्या गळ्यावर पडला, आणि भुग्यात वर्तमानपत्राचा लगदा. भोकात कागद कोंबला, वरून लांबी, वरून काळा रंग.

आबांनी अजून एक बघितलं, जे माझ्या यादीत नव्हतं. चासी नंबर. पुढच्या बाजूला पत्र्यावर ठोकलेले १७ आकडे-अक्षरं असतात. तिथेही काळा थर होता. डिझेलच्या फडक्याने पुसला तर शेवटचे दोन आकडे खड्ड्यांत हरवलेले. आरटीओत नावावर करताना या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप काढतात. छाप आली नाही तर गाडी कितीही धावू दे, कागदावर ती अडकली.

शेठ परत आले. आबांनी त्यांना रामराम केला, गाडी चांगली आहे म्हणाले, आणि बाहेर येऊन मला: "वरथून नवरी शे, मझार काय शे ते दख्यं ना? हाई गाडी लेऊ नको." शेठशी का भांडला नाहीत विचारलं तर म्हणाले, त्यालाही कोणीतरी अशीच विकली असेल.

नाना परतीच्या वाटेत तापीच्या पुलापर्यंत गप्प होते. मग म्हणाले, "खवला जपून ठेव." ठेवलाय, वहीच्या मागच्या पानाला चिकटवून.

१७ एप्रिल

गाडी क्र. २, भुसावळ. पाच मिनिटांत परत. चासीवर, केबिन आणि हौदा यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी वेल्डिंगच्या ताज्या पट्ट्या. मालक म्हणाला मजबुतीसाठी मारल्या. मजबुतीसाठी कोणी एका जागी वीतभर पट्टी मारत नाही, तडा गेला म्हणून मारतात. चासी लवचिक असते, वेल्डिंगने ती जागा कडक होते आणि पुढचा तडा पट्टीच्या कडेला जातो. शिवाय वेल्डिंगच्या मागच्या बाजूचा रंग जळतो, तिथे कोणी ब्रश नेऊ शकत नाही, आणि गंज तिथूनच सुरू होतो. हातोडी बाहेर काढलीच नाही. रेल्वे स्टेशनबाहेर भरीत-पुरी खाल्ली, तेवढाच फायदा.

२० एप्रिल

गाडी क्र. ३. शिरपूर. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने गेलो, खड्डे मोजत. एमएच १८, सप्टेंबर २०१७ ची, एकच मालक, खताच्या दुकानाची गाडी. मागणी ४ लाख ४०.

कुरूप आहे, दुसरा शब्द नाही. बोनेटचा रंग उन्हाने उडालेला, बंपर वाकडा, आणि हौदा... हौद्यात उभं राहायची भीती वाटावी असा. तळाचा पत्रा डाव्या कोपऱ्यात गेलेलाच, तिथे फळी टाकलेली. बाकी ठिकाणी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं, कडेला पांढरट मिठासारखी बुरशी. नाना खालीच उभे राहिले, वर चढायलाही तयार नव्हते. "एवढी सडकी गाडी बघायला डिझेल जाळलं?"

मी पांढरी बुरशी जिभेला लावून बघितली (आबा नसताना करायचे उद्योग). खारट, कडवट. पोटॅश. केळीला पालाश भरपूर लागतं हे इथल्या पोरालाही माहीत आहे. गोणीवर म्युरेट ऑफ पोटॅश लिहिलेलं असतं, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. खायचं मीठ सोडियम क्लोराइड. लोखंडाला दोघांत फारसा फरक कळत नाही. समुद्र शिरपुरापासून लांब आहे, पण त्याचा चुलतभाऊ गोणीत बसून दर हंगामाला येतो. फाटक्या गोणीतून सांडलं, पावसात भिजलं, पत्र्यात मुरलं.

तर मग चासी? गोणपाट टाकून आडवा झालो. खाली काळी माती, ग्रीस, धूळ. रंग कंपनीचा, जागोजाग उडालेला, तिथे तांबूस. सगळं उघडं, काही झाकलेलं नाही. बघून बरं वाटलं. हातोडी पुढून मागे नेली, दोन्ही बाजूंनी. टण्ण, टण्ण, टण्ण. हँगरपाशी आवाज थोडा बसला, छाती धडधडली, पण ते पाट्याच्या पिनेवर साचलेल्या ग्रीसमुळे. खरवडून पुन्हा मारलं तर साफ. जोडपट्टीची फट सरळ, तिच्यात सायकलचा आरासुद्धा जात नव्हता. रिव्हेटची डोकी गोल, शाबूत. गंज धरलेल्या गाडीत ती आधी सपाट होतात, मग टोपीसारखी उडतात.

खरी भीती होती चासीच्या वरच्या बाजूची. हौद्यातून गळलेलं पोटॅश तिथे बसतं आणि खालून दिसत नाही. तुटका आरसा कामाला आला. हौद्याचे आडवे बेअरर (तळ पेलणाऱ्या पट्ट्या) आणि चासी यांच्यामध्ये बोटभर फट आहे, तिथे आरसा सरकवून टॉर्च मारला. डाव्या अंगाला, सडक्या कोपऱ्याच्या बरोबर खाली, वीतभर पट्टा लाल, पापुद्र्याचा. डिसमिसने उचकटला. एक थर निघाला, कागदाएवढा. दुसरा निघाला नाही, खाली काळं घट्ट लोखंड लागलं. आबांच्या मुलाकडून जाडी मोजायचा व्हर्निअर मागून आणला होता. पुढे निरोगी जागी ४.१ मिलिमीटर भरलं, इथे ३.८.

बाकी: दरवाज्यांना खालून चुंबक घट्ट धरतं. पाणी जायची भोकं बंद होती, आरा घातला तर चिखल आणि केळीच्या सोपटाचे धागे निघाले. केबिनमधली रबरी चटई उचलली, ड्रायव्हरच्या टाचेखाली तांबूस, भोक नाही. बॅटरीखालचा ट्रे ॲसिडने खाल्लेला, तो बदलायचाच. ब्रेकची नळी मागच्या ॲक्सलपाशी गंजलेली दिसली, ती पण बदलायची, तिथे घासाघीस नाही. डिझेलच्या टाकीचे पट्टे ठीक.

दुकानदाराला विचारलं, गाडी धुता कशी? तो ओशाळला. "हौदा कधी धुतलाच नाही, झाडून घेतो फक्त. गाडी शेडमध्ये असते." त्याच्या आळसाने चासी वाचली. पोटॅश पाण्याने धुतलं असतं तर सगळं खाली उतरून सांध्यांत बसलं असतं. कायम उघड्यावर पावसात असती तरी तेच.

२१ एप्रिल

रात्री नानांशी वाद. नानांचं म्हणणं, लोक हसतील, आखाजीला दारात अशी गाडी? माझं म्हणणं, हौदा म्हणजे परात आहे, फुटली तर दुसरी आणता येते. चासी म्हणजे चूल. नानांनी विचारलं की मग पहिल्या गाडीची चासी बदलता आली नसती का. येते, पण खर्च, आरटीओची परवानगी, नवा नंबर, एवढ्यात अर्धी गाडी होते.

काकूने आतून निकाल दिला: "हसनारे केळी वाहाले येनार शेत का?" वाद मिटला.

२४ एप्रिल

आबांना घेऊन पुन्हा शिरपूर. त्यांनी माझ्या सगळ्या जागा परत बघितल्या आणि एक वाढवली, केबिनच्या मागच्या दोन माउंटिंगची, म्हणजे केबिन चासीवर बसते त्या जागांची. रबर खलास, कंस शाबूत. पुढच्या काचेच्या रबराखाली नखाने उचलून बघितलं, डावीकडे. "ठीक शे."

सौदा. मी वहीत लिहून नेलेलं: तळाचा पत्रा, ब्रेक नळी, बॅटरी ट्रे, माउंटिंग रबर, रंग. दुकानदार म्हणाला, हौदा बघून आजपर्यंत चार गिऱ्हाईकं पळाली, तुम्ही पहिलेच खाली शिरलात. ४ लाख १० वर तुटलं. इसार २० हजार. गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या, कर्जाचा बोजा उतरल्याचं ३५ नंबरचं पत्र. फिटनेस सप्टेंबर २०२५ पर्यंत. त्यानंतर गाडी आठ वर्षांची होते, म्हणजे दोन वर्षांऐवजी दरवर्षी पासिंग. २०१९ च्या आधीची म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आपल्यालाच बसवावी लागणार. चासी नंबरावर मी स्वतः कागद ठेवून पेन्सिल घासली, १७ च्या १७ उमटले. तो कागद खवल्याच्या शेजारी लावला.

३० एप्रिल

आखाजी. गाडी सकाळी दारात. घागर भरली, पितरांना पान दाखवलं, मग ताईने गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. भाचा हौद्यात चढायला निघाला, त्याला खाली ओढलं. शेजारच्या आप्पांनी दोन फेऱ्या मारून विचारलं, "भंगारात घालायला आणली का?" नाना म्हणाले, "आधी सांजोरी खा, मग बोल." आमरस झाला, दुपारी झोप.

३ ते ५ मे

कामाचे तीन दिवस. बॅटरीचा निगेटिव्ह काढला (वेल्डिंगच्या आधी हे विसरू नये), हौद्याचा तळ गॅसने कापून उतरवला. कोपऱ्यातला पत्रा हाताने तुटत होता. बेअररपैकी एक सडका निघाला, तो बदलला, बाकी चार चांगले.

पत्र्याचा हिशेब: हौदा आतून ९ फूट बाय साडेपाच. ३ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला साडेतेवीस किलो भरतो. आठ बाय चारचे दोन तुकडे लागले, एक साधारण ७० किलोचा, दोन मिळून १४०. किलोला ७२ रुपये, म्हणजे १० हजारांच्या जरा वर. उरलेल्या पट्ट्यांतून फाळक्याची आतली बाजू आणि बॅटरीचा ट्रे निघाला. पाच मिलिमीटरचा टाका म्हणून वेल्डरने खूप आग्रह केला, पण तेवढं जास्तीचं वजन कायम वाहायचं आणि तेवढा माल कमी भरायचा, हे पटलं नाही.

तळ निघालेला असताना चासीची वरची बाजू पहिल्यांदा पूर्ण उघडी दिसली. लाल पट्टा आरशात वीतभर वाटला होता, निघाला हातभर. पोटात गोळा आला. आधी पाण्याने धुतलं, मुद्दाम, पोटॅश उतरायला हवं म्हणून, आणि लगेच दिवसभर मेच्या उन्हात वाळू दिलं. असं ऊन कोकणात मिळत नाही. मग ग्राइंडरला वायरचा कप लावून घासलं. खड्डे राहिले, मसुरीच्या डाळीएवढे. सगळ्यात खोल जागी व्हर्निअर: ३.५. आबांना फोन केला. त्यांनी जागा विचारली, हँगरपासून किती लांब, सांधा आहे का. लांब आहे, सांधा नाही. "मंग चालस." चासीला वेल्डिंग करू दिलं नाही.

७ मे

वळवाचा पाऊस, वाऱ्यासकट. चासी अजून उघडी. रात्री अकराला नाना आणि मी ताडपत्री धरून अंगणात. सकाळी बघितलं तर जिथे ताडपत्री उडाली होती तिथे घासलेलं लोखंड नारिंगी. एका रात्रीत. नाना वाकून बघत राहिले, मग बोट फिरवून बोटाकडे बघितलं. आता ते गंज हा शब्द वापरतात.

१० मे

पुन्हा घासलं. खड्ड्यांत फॉस्फोरिक ॲसिडचा गंजमारक लावला, उरलासुरला गंज काळा पडून घट्ट बसतो. एक दिवस थांबून रेड ऑक्साइडचे दोन हात, मग काळं इनॅमल. वेल्डिंगच्या खालच्या बाजूंना हात पोहोचेना तिथे काठीला फडकं बांधून रंग लावला. पोकळ जागांत जळकं ऑइल फवारायचा सल्ला तिघांनी दिला. नाही केलं. धूळ त्याला चिकटते, पाट्यांची रबरं फुगतात, आणि केळीवर थेंब पडला तर व्यापारी माल परत पाठवेल. ग्रीस पातळ करून भोकांतून सोडलं.

हौद्याच्या चार कोपऱ्यांना बोटाएवढी भोकं पाडून घेतली, पाणी थेट खाली जावं, चासीवर नको म्हणून त्यांना आखूड नळ्या लावल्या. ही वेल्डरची कल्पना, माझी नाही.

आतापर्यंत: गाडी ४,१०,०००, पत्रा आणि बेअरर ११,६००, वेल्डिंगची मजुरी ९,०००, ब्रेक नळी, रबरं आणि बसवणूक ५,२००, रंग वगैरे ४,३००. विमा आणि आरटीओ वेगळं. पाचाच्या आत आहे.

१५ जून

महिनाभरात अठरा खेपा. खत आणतो तेव्हा तळाला ताडपत्री, परत आल्यावर आधी झाडू, मग धुणं, आणि धुतलं की फाळका पाडून उन्हात. नाना स्वतः करतात.

काल रात्री चांगला पाऊस झाला. सकाळी केबिनची चटई उचलली. ड्रायव्हरच्या बाजूला ओलं. दरवाज्याची भोकं मोकळी, तिथून नाही. पुढच्या काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून पाण्याची रेघ डॅशबोर्डच्या आतून खाली आलेली. आबांनी काचेचं रबर डावीकडे उचललं होतं. उजवीकडे मीही उचललं नव्हतं. आज उचललं. रबराखाली रंगाला फोड, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. डिसमिस लावला, अर्धा इंच आत गेला.

आबांना फोन केला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "उजवीकडं कोन व्हतं, तू का मी?" मी म्हणालो, दोघंही नव्हतो. काचवाला मंगळवारी येतोय, काच उतरवून पत्रा तेवढाच कापायचा. तोपर्यंत गाडी गोठ्यात, पत्र्यांखाली.